मालकाच्या छातीतल्या विटा

स्टेन्सिलवर रंग थोपटून थोपटून तिच्या भोकांच्या कडेला पापुद्रे चढतात. वेळच्या वेळी खरवडले नाहीत तर चार बोटांची वीट तीन बोटांची होते, मग अडीच, आणि एक दिवस भोकच बुजून जातं. किस्स्यांचंही तसंच! आम्ही तिघी बायका बारा वर्षं गोंदिया जिल्ह्यातल्या गावागावांत लोकांच्या भिंतींवर विटा काढत फिरलो. खऱ्या नाही, रंगाच्या. प्लास्टरवर स्टेन्सिल ठेवायची, स्पंजनं लाल रंग थोपटायचा, अलगद उचलायची, की खाली विटाच विटा. लांबून बघणारा म्हणतो, वा, काय विटांचं घर बांधलं!

त्या बारा वर्षांचे पापुद्रे आज खरवडायला बसले आहे. शेजारच्या छपरीतून कौतिका दोनदा ओरडून झाली, "काय लिहून राहिली व, हिरकन? माझं नाव चांगलं लिहजो!"

माझं शिक्षण विचाराल तर चौथी, तीही अर्धी. बाकीचं बघून शिकले. जे लोकांनी बघू दिलं नाही, ते चोरून शिकले. त्याची लाज मला तेव्हाही नव्हती, आजही नाही.

*

सुरुवात बिरसीची. तिथं विमान चालवायला शिकवतात. जवळच कोणाचा तरी बंगला बांधून होत होता आणि मी तिथं पाणी वाहायला मजूर होते. गोंदियाहून एक पेंटर यायचा. त्यानं एका कोऱ्या भिंतीवर बघता बघता विटा उठवल्या, आणि माझ्या डोक्यावरचा पाण्याचा गुंड तसाच राहिला. जन्मभर मी शेणानं सारवलेल्या भिंती पाहिल्या होत्या, पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या पाहिल्या होत्या. पण अशी जादू पाहिली नव्हती.

म्हटलं, "भाऊ, मले शिकव."

तो म्हणाला, "अम्मा, ये औरतों का काम नहीं है. पानी लाओ."

आणलं पाणी. पण मीही काही कमी नाही. शिकाऊ पोरांचं विमान घरघरत डोक्यावरून गेलं, की हा बाबा हातचं काम टाकून खिडकीतून वर बघायचा. तो वर बघायचा, मी खाली बघायची. त्याची स्टेन्सिल जमिनीवर पडलेली असायची. पहिल्या विमानात मी विटेची लांबी मापली : एक वीत. दुसऱ्या विमानात उंची : चार बोटं. तिसऱ्या विमानात दोन विटांमधली फट : एक करंगळी.

चौथं विमान आलं तेव्हा तो मला म्हणाला, "अम्मा, तुम कभी विमान नहीं देखती?"

मी म्हटलं, "देखके क्या करूं? माझं शिकणं झालं!"

*

आता स्टेन्सिल कापायची कशाची? पुठ्ठा कापला, तो दुसऱ्याच थोपटण्याला भिजून वाकला. प्लास्टिकचा कागद आणला, तो गुंडाळून गुंडाळून यायचा. शेवटी ट्रंकेच्या तळाशी हात घातला. तिथं आमच्या मालकांचा एक्स-रे होता. छातीचा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तो काळा कागद मी कायले ठेवला, ते कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यांचा फोटो एकही नव्हता. हाच काय तो.

उन्हात धरला. बरगड्या दिसल्या, मधात काळजाची सावली दिसली. म्हटलं, "बाप्पा, जिवंतपणी घरची एक भिंत रंगवली नाही तुम्ही. आता रंगवा!" आणि ब्लेड घातलं.

शेजारची कौतिका बघत उभी होती. तिचा हात तोंडावर गेला. "अवं हिरकन, दुखंल नं त्याईले!"

"चूप बस व. बिडी ओढताना नाही दुखलं त्याईले!"

मालकांच्या छातीत चार थर बसले. एका थरात एक अख्खी वीट, एक अर्धी. त्या दिवसापासून आमच्यात स्टेन्सिलचं नाव 'मालक' पडलं. "मालकाले सरळ धर." "मालकाले धुऊन वाळत घाल." "अवं, मालक सरकले!" नवीन घरचे लोक दचकून बघायचे. आम्हाला काही वाटेनासं झालं. उलट मला तर बरंच वाटायचं. दिवसातून पन्नास वेळा त्यांचं नाव निघायचं. जिवंत असताना एवढं कधी निघालं नव्हतं.

*

पहिली भिंत सालेकशाच्या एका किराणा दुकानाची. तोवर कौतिका आणि मी, आमच्यात शामकलाही आली होती. पोवाराची, खालच्या आळीतली. हसायला लागली की तिच्याखालची शिडी हलायची. तिघींनी दोन दिवस खपून भिंत पुरी केली. दुकानदार खूश. रस्त्यानं जाणारे थांबून बघून राहिले. मी कमरेवर हात ठेवून उभी.

एवढ्यात बिसन मिस्त्री आला. ती भिंत मुळात त्यानंच बांधलेली. त्यानं वरून खाली एकदा पाहिलं आणि भिंतीला टेकवलेली आपली सायकल उचलून रस्त्याच्या पलीकडं नेऊन लावली.

"काऊन गा मिस्त्री, सायकल काऊन हटवली?"

"दबंल नं! भिंत पडून राहिली."

लोक हसले. मी भडकले. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "पाह्य नं बाई. वरच्या विटेचा सांधा खालच्या सांध्यावर, त्याचा त्याच्याखालच्यावर. वरची वीट खालच्या दोन विटांइच्या मधात बसते. तवा भिंत एकमेकीले धरून ठेवते. तुम्ही तं विटांइचे खांब उभे केले! मी असं काम केलं असतं, तं माझ्या बापानं थापी फेकून मारली असती."

खरं होतं त्याचं. मी चारही अर्ध्या विटा एकाच बाजूला कापल्या होत्या. पेंटरची लांबी मापली, उंची मापली, फट मापली. सांधा कुठं येतो ते बघायला पाचवं विमान लागलं असतं!

पण रडत बसणारी मी नाही. तिथंच ओट्यावर बसून मालकांच्या चार पट्ट्या केल्या. एकाआड एक पट्टी उलटी फिरवली आणि दवाखान्यातली जखमेवरची चिकटपट्टी लावून पुन्हा जोडलं. दुसऱ्या दिवशी सगळी भिंत पुसून नव्यानं काढली. संध्याकाळी बिसन मिस्त्री परत आला. त्यानं वरून खाली पाहिलं. मग पलीकडची सायकल आणली आणि भिंतीला टेकवून चहा प्यायला निघून गेला.

त्या रात्री बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून मी बोलून टाकलं, यापुढं माझ्या भिंतीत सांधा सांध्यावर आला तर हिरकन नाव लावणार नाही. आणि हे मी जिथं जाईन तिथं छाती ठोकून सांगायची. कौतिका ऐकून ऐकून कंटाळायची. म्हणायची, "झालं सुरू हिचं!"

*

दरेकशाकडच्या एका घरी मुलीकडचे लोक घर पाहायला येणार होते. घर मातीचं. मुलाच्या बापानं आम्हाला घाईनं बोलावलं, "बाई, उद्या सोयरे येऊन राहिले. निदान समोरच्या छपरीत विटा दिसल्या पायजेत!" मातीवर चुना दिला, त्यावर विटा काढल्या. पण पाहुणे दुपारी यायचे ते सकाळच्याच गाडीनं उतरले! आम्ही तिघी मालकाला घेऊन दाराआड लपलो.

मुलीची आत्या म्हणजे जबरदस्त बाई. अंगावर धुवट पांढरं लुगडं. आली ती थेट भिंतीला टेकून बसली. ओल्या भिंतीला! मुलाचा बाप पांढराफटक. "आत्याबाई, इकडं बसा नं, इकडं हवा आहे." ती म्हणे, "मले इथंच बरं आहे." पोहे झाले, चहा झाला, ती उठली, वळली. पाठीवर सहा विटा, लालभडक, एकही पुसटलेली नाही! शामकलेनं तोंडात पदर कोंबला. कौतिका मला चिमटे घेत पुटपुटली, "अवं, मालक उमटले!" आत्याबाई तशाच साऱ्या घरभर फिरल्या, विहीर पाहिली, धानाची कोठी पाहिली, गोठा पाहिला. घरातला एकही माणूस बोलायला धजावला नाही.

निघताना उंबऱ्यात उभी राहून ती म्हणाली, "सोयरीक पक्की समजा! तुमच्या घराच्या विटा मी पाठीवर घेऊन चालली. आता मागं फिरता येते का?"

मग दाराकडं बघून आवाज चढवला, "आणि दाराआडच्या बायाहो, माझं घरही मातीचंच आहे. लगीन झालं की या तिकडं, तुमच्या त्या मालकाले घेऊन!"

*

भिंती झाल्या, मग लोक म्हणू लागले, खालीही विटा काढून द्या. गोंदियात एका कापडवाल्या सेठजीच्या घरी मागच्या खोलीच्या सिमेंटच्या जमिनीवर विटा काढायच्या होत्या. जमिनीचा नियम लहान पोराला कळेल असा : आतल्या कोपऱ्यातून सुरू करायचं आणि दाराकडं सरकत यायचं. मी आणि शामकला पुढच्या भिंतीवर होतो, म्हणून जमीन कौतिकावर सोपवली. तासाभरानं जाऊन बघते तर कौतिकानं दारापासून सुरुवात केलेली! चहूकडं ओल्या विटा आणि पार शेवटच्या कोपऱ्यात, मालकाला मांडीवर घेऊन, बाई बसलेली.

मी दारातूनच तोंड सोडलं. "अक्कल गहाण ठेवून आली का व? आता उडून येशील?"

सेठजीची म्हातारी आई आली. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "बहनजी, अब तो शाम तक वहीं राज करो!" दारातून तिनं आधी दोन केळी फेकली. मग घडी केलेलं वर्तमानपत्र, वारा घ्यायला. मग स्वतःची उशी! कौतिकानं सगळं झेललं नाही, बरंचसं तिच्या अंगावर आपटलं, पण दुपारी ती त्या उशीवर घोरत होती. संध्याकाळी रंग वाळला तरी उठेना. म्हणे, "सख्ख्या बहिणीच्या घरी माझी इतकी खातिर नाही झाली. राहू दे नं थोडा वेळ!"

परतीच्या गाडीत सालेकसा येईपर्यंत मी तिला मूर्ख म्हणत होते. ती नुसती हसत होती.

*

पुढच्या वर्षी एका अंगणवाडीची भिंत चालू होती. तिथल्या बाईनं स्टीलच्या ग्लासातून कोरा चहा आणून ठेवला, रंगाच्या डब्याशेजारी. कौतिकानं स्पंज बुडवला, पिळला आणि मालकावर थोपटला. चहाच्या सहा विटा! शामकला इतकी हसली की तिला शिडीवरून उतरावं लागलं. मी हसले. कौतिकाही हसली. पण जरा उशिरानं हसली. आणि हसताना ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या आवाजाकडं बघत होती.

मी जवळ गेले. तिच्या डोळ्यांपुढं हात हलवला. पापणी हलली नाही.

"केव्हापासून व?"

"दोन वर्षं झाले. आधी कडेकडेचं दिसेना. आता मधातलंही जाऊन राहिलं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं, तं तू मालकाले हात लावू दिला असता का?"

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हा काचबिंदू. डोळ्याची नस वाळली, गेलेली नजर येत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मला सेठजीची ती खोली आठवली. उजेड फक्त दारातून येत होता. तिला जिथं दिसत होतं तिथून तिनं सुरुवात केली होती. आणि मी गाडीभर तिला मूर्ख म्हटलं होतं.

घरी आल्यावर मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. म्हटलं, "हात तं वाळले नाही नं? मंग उद्या सकाळी लवकर निघू."

आणि ऐका, त्यानंतर कौतिकाइतकं साफ काम आमच्या दोघींचंही नव्हतं! बोटांनी मालकाची कड चाचपायची, मागच्या विटेला जुळवायची, थोपटायची, उचलायची. मालक केसभर सरकला तर आम्हाला डोळ्यांनी कळायच्या आधी तिला बोटांनी कळायचं. एका घरची मालकीण दारात थबकून म्हणाली, "अहो, ही बाई न बघताच रंगवते?"

शामकला म्हणाली, "तिले पाठ आहे!"

*

आता शेवटचा, आणि मग मी पेन ठेवते.

कौतिकाचं घर म्हणजे घरकुलातल्या दोन खोल्या, पुढं छपरी, छपरीच्या टोकाला एक पायरी, खाली आंगण. सिमेंटच्या भिंती, कोऱ्या. आमच्या बारा वर्षांत स्वतःच्या भिंती रंगवायला आम्हाला सवड कुठं होती! एका सकाळी ती त्या पायरीवरून पडली. कपाळाला खोक पडली, हात मुरगळला.

तिचा मुलगा प्रभाकर दुर्गला कामाला असतो. भला पोरगा आहे. धावत आला, आईचा हात हातात धरून रडला. म्हणाला, "माय, आता तुले एकटीले नाही ठेवत. धान कापणी झाली की न्यायले येतो. सामान बांधून ठेवजो." कौतिका त्याला हो म्हणाली. तो गेल्यावर मला म्हणाली, "पोरगा चांगला आहे व. पण दुर्गले माझ्या ओळखीची एक भिंत नाही, हिरकन."

कापणीला पंधरा दिवस होते.

मी शामकलेला घेतलं. या वेळी नुसता रंग नाही. पांढरं सिमेंट, चाळलेली बारीक रेती, डिंक कालवून मालकावरून थापीनं ओढलं. मालक पातळ, म्हणून वाळलं की त्याच जागी पुन्हा, वाळलं की पुन्हा. तीन थरांनी वीट भिंतीवर उठून आली. डोळे मिटून हात फिरवला तर एकेक मोजता यायची. खाटेपासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत, दारातून छपरीत, हाताच्या उंचीवर एक पट्टा. मग त्यावर लाल रंग.

शामकला म्हणाली, "अवं, रंग कायले? तिले दिसून राहिलं का?"

"आपल्याले दिसते नं! कौतिकाच्या घरी बिनरंगाची भिंत? लोक आपल्याले काय म्हणतील?"

छपरीतला शेवटचा हातभर तुकडा मी एकटीनं केला. शामकलेला म्हटलं, पाणी आण. तिनं आणलं. म्हटलं, अजून आण. ती आली तेव्हा माझं काम झालं होतं आणि मी त्या तुकड्यापुढं उभी होते. तिला तो बघूच दिला नाही.

कौतिका रोज हात लावून चालायची. पहिल्या दिवशी अडखळली, चौथ्या दिवशी विटा मोजायला लागली, आठव्या दिवशी मोजणंही सोडलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

प्रभाकर आला. ऑटो दारापाशी उभा. खाटेवर बांधलेलं बोचकं. आंगणात रांजणाजवळ मी, शामकला आणि तो बसलेले. आतून कौतिकाचा आवाज आला, "थांब गा, उन्हातून आला, पाणी देतो तुले." आणि ती निघाली. डावा हात भिंतीवर, उजव्या हातात रिकामा गिलास. दारातून बाहेर आली. छपरीत आली. भराभर चालत होती, नेहमीसारखी, घर झाडायला निघालेल्या बाईसारखी.

प्रभाकर ताडकन उठला. मी त्याच्या शर्टाचं टोक धरलं. "बस गा तू."

"मावशी, सोड! माय, पायरी! पायरी हाय पुढं!"

कौतिका थांबली. बरोबर पायरीच्या काठावर, पायाची बोटं काठाला लागून.

"माहीत हाय मले. ओरडतो कायले?"

"कशी माहीत? दिसून राहिली का तुले?"

तिनं भिंतीवरची बोटं मागं घेतली, पुन्हा पुढं नेली. वरच्या सांध्यावरून खालच्या सांध्यावर, सरळ, एका रेषेत. मग तोंड माझ्या दिशेला फिरवून ती गालातल्या गालात हसली.

"अरे, इथं हिरकन चुकली हाय नं!"